बोनस पंचाहत्तर हजारांचा, हातात छत्तीस

प्रश्न : एप्रिल २०२५ पासून मी खराडीतल्या एका कंपनीत काम करते. पॅकेज १५ लाखांचं. म्हणजे महिन्याला सव्वा लाख, असं मी घरी सांगून बसले आणि खात्यात दर महिन्याला ९६,८९५ रुपये पडतात. तेही एक वेळ पचवलं. नोव्हेंबरच्या पगारात सहामाही परफॉर्मन्स पे ७५,००० रुपये मिळाला, त्यातून एका फटक्यात ३८,६२६ रुपये टॅक्स कापला गेला. जादा हातात आले ३६,३७४. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, असं सगळेच म्हणतात. मग हा कसला? मैत्रिणीबरोबर वडगाव शेरीत फ्लॅट घेतलाय, माझ्या वाट्याचं भाडं १४,००० रुपये. जुनी करप्रणाली घेतली तर वाचेल का? पीएफ कमी करून हातात जास्त घेता येईल का? आणि मी कुठलाही व्यवसाय करत नाही, तरी दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर का?
– एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : ऑफर लेटरचं परिशिष्ट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सॅलरी स्लिपा जोडल्यात, हे बरं केलंत, एरवी अशा पत्रांना अंदाजपंचे उत्तर द्यावं लागतं. आकडे मांडून पाहिले, कंपनीने हिशेबात चूक केलेली नाही. सगळे म्हणतात तेही खोटं नाही, पण तो अर्धाच नियम आहे. तुमचे ३८,६२६ रुपये उरलेल्या अर्ध्यात गेले. त्यातले काही मार्चअखेरपर्यंत सोडवून घेता येतील, त्यासाठी हातपाय मात्र डिसेंबरमध्येच हलवावे लागतील.

आधी सव्वा लाखाचं.

१५ लाखांना बाराने भागलं की १,२५,००० येतात. हा कंपनीला तुमच्यावर येणारा महिन्याचा खर्च झाला. तुमच्या परिशिष्टात तो असा फोडलाय : बेसिक ५०,०००, घरभाडे भत्ता २०,०००, स्पेशल अलाउन्स ३३,०९५. या तिघांची बेरीज १,०३,०९५ आणि स्लिपवर ‘ग्रॉस’ म्हणून छापतात ती हीच. उरलेले २१,९०५ रुपये स्लिपवर दिसतच नाहीत. त्यात १२,५०० व्हेरिएबल (म्हणजे तुमचा परफॉर्मन्स पे), ६,००० कंपनीच्या वाट्याचा पीएफ, २,४०५ ग्रॅच्युइटीची तरतूद आणि १,००० सामूहिक आरोग्य विम्याचा हप्ता.

व्हेरिएबल हे नावाप्रमाणेच आहे. वर्षाचे दीड लाख ‘शंभर टक्के रेटिंग मिळालं तर’ या अटीवर लिहिलेले आहेत, तेव्हा ते मिळेपर्यंत घरखर्चात धरू नका. ग्रॅच्युइटीची रक्कम बेसिकच्या ४.८१ टक्के असते. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून : ५०,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे २८,८४६. परिशिष्टातल्या २,४०५ ला बाराने गुणलं की २८,८६० येतात, फरक फक्त अपूर्णांकाचा. नोकरी कायम स्वरूपाची असेल तर पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हे पैसे सहसा मिळत नाहीत. आयटीत दोन-अडीच वर्षांनी कंपनी बदलायची रीत पाहता पॅकेजमधला हा आकडा बऱ्याच जणांच्या बाबतीत कागदावरच राहतो. ऑफर लेटरमध्ये तो ठळक छापायचा, हा प्रकार आम्हाला फारसा प्रामाणिक वाटत नाही. पण त्यात बेकायदा काही नाही.

ग्रॉसमधून पुढे तुमच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० वजा झाला, की ९६,८९५. सव्वा लाखातून एकूण २८,१०५ रुपये कमी झाले. यातले सरकारजमा किती? फक्त २००. एप्रिल ते ऑक्टोबर प्राप्तिकराचा रकाना कोरा होता, तो बघा. म्हणजे ‘टॅक्समुळे पगार कमी येतो’ ही तक्रार ऑक्टोबरपर्यंत तरी तुमच्या बाबतीत लागू नव्हती. दोन्ही बाजूंचा मिळून १२,००० रुपये महिन्याला पीएफ खात्यात साठतोय, वर्षाचे १,४४,००० होतात, आणि २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं.

व्यवसाय कराचंही इथेच उरकून घेऊ. हा कर केंद्राचा नाही, महाराष्ट्र सरकारचा. व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी या सगळ्यांवर तो लागतो. महिना दहा हजारांवर पगार असेल तर २०० रुपये, स्त्रियांना मात्र २५,००० पर्यंत माफ. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात, कारण अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० होतात आणि राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार वर्षाला यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. तेव्हा फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले तर एचआरला मेल नको. डिसेंबरच्या स्लिपवर २५ रुपयांची ‘एलडब्ल्यूएफ’ अशी ओळ दिसेल, तो कामगार कल्याण निधी. जून आणि डिसेंबरमध्ये कापतात.

आता मुख्य मुद्दा.

२०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारावर १०, बारा ते सोळावर १५ आणि पुढे चढत जात चोवीस लाखांच्या वर ३०. या हिशेबाने बारा लाखांवर कर येतो ६०,०००. कलम ८७अ खाली नेमकी तेवढीच, ६०,००० ची सूट मिळते, म्हणून कर शून्य होतो. पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट आधी मिळते, म्हणून ‘पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ असं बोललं जातं.

पण बारा लाख ही कायमची करमुक्त रक्कम नाही, ती सूट मिळण्याची अट आहे. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या वर गेलं की सूट जाते आणि कर चार लाखांपासून मोजला जातो. अशाने एक रुपया जास्त कमावला म्हणून ६०,००० भरायची वेळ येईल. तसं होऊ नये म्हणून सीमांत सवलत ठेवली आहे, ज्याला सीए मंडळी मार्जिनल रिलीफ म्हणतात : बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा कर जास्त घ्यायचा नाही. दिलासा खरा, पण त्याची दुसरी बाजू अशी की या टप्प्यात वरचा रुपयान् रुपया कर म्हणून जातो.

तुमचे आकडे घाला. १,०३,०९५ चे बारा महिने म्हणजे १२,३७,१४०. त्यातून ७५,००० वजा, करपात्र ११,६२,१४०. बाराच्या आत, कर शून्य. म्हणून ऑक्टोबरपर्यंत कापणी नाही. नोव्हेंबरमध्ये ७५,००० जमा झाले आणि करपात्र उत्पन्न १२,३७,१४० झालं. स्लॅबने, म्हणजे वरच्या दरांनी, कर ६५,५७१ आला असता. सीमांत सवलतीने तो बारा लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे ३७,१४० वर थांबला. त्यावर चार टक्के उपकर १,४८६. बेरीज ३८,६२६.

दुसऱ्या बाजूने पाहा. तुमच्या ७५,००० पैकी पहिले ३७,८६० बारा लाखांची कड गाठेपर्यंत करमुक्त राहिले. उरलेले ३७,१४० पूर्ण गेले, आणि उपकराचे १,४८६ मात्र करमुक्त राहिलेल्या भागातून गेले. हातात ३६,३७४. बोनसवर वेगळा टॅक्स असतो, बोनसवर सरसकट तीस टक्के कापतात, या गप्पा कँटीनमध्ये चालतात. कायद्यात बोनस हा पगारच आहे आणि वर्षाच्या एकूण बेरजेत मिसळून त्यावर कर लागतो.

हे टप्प्याचं गणित १२,७०,५८८ रुपयांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत चालतं. त्यापुढे स्लॅबचा कर बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा कमी पडू लागतो आणि पुढच्या रुपयाला नेहमीसारखे १५ टक्के व उपकर, एवढंच जातं. म्हणून तुमच्यापेक्षा जास्त पगाराच्या सहकाऱ्याला बोनसमधले जास्त पैसे हातात मिळाले, तर तो थापा मारतोय असं समजू नका. तो त्या टप्प्याच्या पलीकडे उभा आहे.

एकाच महिन्यात सगळं का कापलं? पगारातून कर कापताना कंपनीने वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचा आणि कर महिन्यांवर वाटायचा, असा नियम आहे. तुमच्या कंपनीने व्हेरिएबल मंजूर होईपर्यंत अंदाजात धरलं नाही, म्हणून आधीचे सात महिने शून्य आणि मग एकदम. काही कंपन्या एप्रिलपासूनच धरतात. तसं असतं तर महिन्याला साधारण ३,२१९ गेले असते. काही कंपन्या उरलेल्या महिन्यांवर वाटतात. नोव्हेंबर ते मार्च दरमहा ७,७२५ गेले असते. तिन्ही रीतींत वर्षाची बेरीज तीच. आम्हाला एप्रिलपासून धरण्याची रीत बरी वाटते, कारण बोनस आला म्हणून ईएमआयवर फोन घेतल्यावर हा धक्का बसत नाही.

जुन्या करप्रणालीने काही साधणार नाही. तिथे प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००. घरभाड्याची सवलत तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याइतकी मिळते : प्रत्यक्ष भत्ता २,४०,०००, बेसिकचे ४० टक्के, म्हणजे तेही २,४०,०००, आणि भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा केल्यावर उरतं ते. तुमचं वर्षाचं भाडं १,६८,०००, त्यातून ६०,००० गेले की १,०८,०००. हीच सवलत. (पुण्याला २०२५-२६ मध्ये ४० टक्केच धरायचे, ५० टक्के मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारच शहरांना. तुमच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही.) ८०सी, म्हणजे ठरावीक बचतींवर वजावट देणारं कलम, त्याखाली पीएफ धरून पूर्ण दीड लाख गुंतवलेत असं समजू. तरी करपात्र उत्पन्न १०,०१,६४० आणि कर उपकरासह १,१७,५१२. नव्या प्रणालीत ३८,६२६ आहे. बरोबरीला यायचं तर जुन्या प्रणालीत सगळ्या मिळून सुमारे ६,८९,००० रुपयांच्या वजावटी लागतील. गृहकर्जाचं व्याज, आईवडिलांचा आरोग्य विमा, दीड लाखाची ८०सी आणि मोठं भाडं असं सगळं एकत्र असेल तेव्हाच हे जमतं.

यावरून एक ओघाने. जानेवारीत एचआर ‘प्रूफ सबमिट करा’ म्हणून मेलवर मेल पाठवेल आणि तुम्ही भाडेपावत्यांसाठी घरमालकांच्या मागे लागाल. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर त्यांचा पॅनही लागतो आणि पॅन मागितला की अनेक मालकांचा चेहरा बदलतो. नव्या प्रणालीत तुमची भाडेपावती कुठेच लागत नाही, त्यामुळे तो वाद ओढवून घेऊ नका. कंपनीच्या पोर्टलवर तुमच्या नावापुढे ‘नवी प्रणाली’ असं आहे ना, तेवढं पाहा. काहीच कळवलं नाही तर नवीच धरली जाते. पुढे विवरणपत्र मुदतीत भरताना प्रणाली बदलताही येते, हे माहीत असू द्या.

पीएफ कमी करण्याबद्दल तुम्ही विचारलंय, आणि इथे घाई केली तर नुकसान आहे. पीएफचं सदस्यत्व एकदा सुरू झालं की या नोकरीत राहून त्यातून बाहेर पडता येत नाही. कंपनीचं धोरण असेल तर कपात १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर, म्हणजे १,८०० वर आणता येते. तुमच्या वाट्याचे ४,२०० हातात येतील. कंपनीच्या वाट्याचेही ४,२०० वाचतील, ते स्पेशल अलाउन्समध्ये टाकतील, म्हणजे हातात महिन्याला ८,४०० जास्त. ऐकायला छान. पण कंपनीने पीएफमध्ये भरलेली रक्कम तुमच्या करपात्र पगारात धरली जात नव्हती. तीच अलाउन्स झाली की धरली जाते. वर्षाला ५०,४०० ने करपात्र उत्पन्न वाढून १२,८७,५४० होईल आणि कर ७६,०५६. आजच्यापेक्षा ३७,४३० जास्त. म्हणजे ५०,४०० पैकी जवळपास तीन चतुर्थांश कर, आणि साठवणूकही थांबली. आम्ही तरी हा सल्ला देणार नाही.

पीएफचं पासबुक मात्र उघडून बघा. उमंग ॲपवर किंवा पीएफच्या सदस्य पोर्टलवर यूएएन (तुमचा पीएफ सदस्य क्रमांक) घालून दिसतं. दर महिन्याचे पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. स्लिपवर कापलेत आणि पासबुकात दोन-दोन महिने नाहीत, असं दिसलं तर आधी एचआरला लेखी विचारा, नंतर पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जा. पासबुकात कंपनीच्या वाट्याचे ६,००० कधी सलग दिसतात, कधी ४,७५० आणि पेन्शनचे १,२५० असे फुटलेले. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सदस्य झालेल्यांचा तेव्हाचा पीएफसाठीचा पगार १५,००० च्या वर असेल, तर ते पेन्शन योजनेत येत नाहीत. तसं असून तुमच्या खात्यात १,२५० पेन्शनकडे वळत असतील तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. नोकरी सोडताना हेच प्रकरण महिनोन् महिने अडकतं.

तर मग करायचं काय? तुमच्या टप्प्यात एकच हत्यार खरोखर धारदार आहे : कंपनीमार्फत एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना.

नव्या प्रणालीत बहुतेक वजावटी गेल्या, पण कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत, कलम ८०सीसीडी(२) खाली अजूनही वजा होते. तुमच्यासाठी ती महिना ७,०००. ही रक्कम पॅकेजच्या वर मिळत नाही. स्पेशल अलाउन्समधून काढून तिकडे वळवतात. जानेवारी ते मार्च तीन महिने मिळाले तर २१,००० वळतील. करपात्र उत्पन्न १२,१६,१४० होईल, कर उपकरासह १६,७८६. वाचले २१,८४०. गुंतवले २१,००० आणि कर वाचला त्याहून ८४० जास्त! यात काही जादू नाही. तुम्ही ज्या टप्प्यात आहात तिथे वरच्या प्रत्येक रुपयावर १०४ पैसे जात होते, तेच परत येताहेत. बारा लाखांच्या बऱ्याच खाली असलेल्या माणसाला हाच उपाय करात काहीच देणार नाही.

इथे लोक दोन ठिकाणी घसरतात. पहिलं : मोबाइलवरून स्वतःच एनपीएसमध्ये पैसे भरतात आणि वजावट मिळेल असं समजतात. स्वतः भरलेल्या ५०,००० ची जादा वजावट जुन्या प्रणालीत आहे, नव्यात नाही. पैसे कंपनीच्या खात्यातून, कंपनीचं योगदान म्हणूनच जायला हवेत. दुसरं : पैसे कधीही काढता येतील असं धरतात. एनपीएस हा निवृत्तीसाठीचा पैसा आहे, मध्येच काढायच्या अटी कडक आहेत. सहा महिन्यांत लग्न, गाडी किंवा फ्लॅटचं बुकिंग असेल तर विचार करून वळवा. इथे मात्र २१,००० च्या बदल्यात २१,८४० परत येत असल्याने, आम्हाला नकाराचं कारण सापडत नाही.

एचआरला आजच मेल करा. त्यात एवढंच विचारा : कंपनी कॉर्पोरेट एनपीएसमध्ये नोंदलेली आहे का, चालू वर्षात मधूनच पगाराची रचना बदलू देतात का, जानेवारीच्या पगारात बसवायचं तर पेरोलची शेवटची तारीख कोणती, आणि महिन्याला १४ टक्क्यांपेक्षा जास्त भरू देतात का. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. कायद्यातली मर्यादा वर्षाच्या बेसिकवर, म्हणजे ८४,००० आहे. तीन महिन्यांत ३७,१४० भरू दिले तर तुमचं करपात्र उत्पन्न बरोबर बारा लाखांवर येतं आणि कर शून्य. बऱ्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर महिन्याच्या १४ टक्क्यांवर अडतं, पण विचारायला काय जातं. प्रान (एनपीएस खात्याचा) क्रमांक नसेल तर आधार आणि पॅनवर ऑनलाइन काढता येतो; तो हातात ठेवूनच मेल करा, म्हणजे ‘आधी प्रान आणा’ या उत्तरात आठवडा जाणार नाही. बऱ्याच ठिकाणी रचना फक्त एप्रिलमध्ये बदलू देतात. तुमच्याकडे तसं असेल तर यंदाचं सोडा आणि एप्रिलची तारीख गाठा. पुढच्या वर्षी दोन्ही सहामाहीचे मिळून दीड लाख येतील. स्लॅब हेच राहिले तर एनपीएसशिवाय कर ७९,८९४, आणि वर्षभर ७,००० वळवले तर २९,२६६.

जानेवारीपासून वळवलंत तर हातात ९६,८९५ ऐवजी ८९,८९५ येतील, हे घरभाड्याच्या हिशेबात धरा. जादा कापलेला कर कंपनी रोख परत देत नाही. पुढे कापायचं काही उरलेलं नाही, त्यामुळे तो विवरणपत्र भरल्यावर परतावा म्हणून थेट खात्यात येईल. खातं प्राप्तिकर पोर्टलवर आधीच पडताळून ठेवा.

बँकेतल्या ठेवी विसरू नका. मुदत ठेवीचं व्याज वर्षाला ५०,००० च्या आत असेल तर बँक कर कापत नाही, म्हणून ते करमुक्त असतं असा समज होतो. तुमच्या टप्प्यात ८,००० रुपये व्याज म्हणजे ८,३२० रुपये कर. व्याजापेक्षा जास्त! बचत खात्याच्या व्याजाची १०,००० पर्यंतची वजावटही नव्या प्रणालीत नाही. हे व्याज आत्ताच कंपनीला कळवून पगारातून कर कापून घ्या, किंवा जुलैत विवरणपत्राबरोबर भरा. भरायचा राहिलेला कर १०,००० च्या आत असेल तर आगाऊ कर चुकवल्याचं व्याज लागत नाही. शेअर विकून अल्पकालीन नफा झाला असेल तर त्यावरच्या कराला ८७अ ची सूट २०२५-२६ मध्ये मिळत नाही, तो वेगळा भरावा लागेल.

मार्चपूर्वी नोकरी बदलायचं डोक्यात असेल तर नव्या कंपनीला जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील फॉर्म १२बी वर द्या. लोक तो टाळतात, जुना पगार कळू नये म्हणून. नवी कंपनी मग तुम्हाला तीन महिन्यांचीच पगारदार समजते, पुन्हा चार लाखांची सवलत आणि पुन्हा ७५,००० धरते आणि काहीच कापत नाही. समजा जानेवारीपासून १,४०,००० ग्रॉसची नोकरी धरलीत : वर्षाचं करपात्र १३,४७,८५५, कर ८५,४६५, कापलेला ३८,६२६. जुलैत ४६,८३९ रुपये एकरकमी, वर महिन्याला एक टक्का व्याज. आणि त्या ऑफरवर वाटाघाट करताना पॅकेजचा आकडा बाजूला ठेवून ‘महिन्याचा फिक्स्ड ग्रॉस किती’ हे लेखी मागा. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत द्यायचा, हेही पाहून ठेवा.

एप्रिलमध्ये रचना बदलायला बसाल तेव्हा बेसिककडेही लक्ष असू द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यातल्या वेतनाच्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. तुमचं बेसिक पॅकेजच्या ४० टक्के आहे. कंपनीने ते ६२,५०० केलं आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत राहिली तर दोन्ही बाजूंचा पीएफ ७,५०० आणि ग्रॅच्युइटी ३,००६ होईल, म्हणजे हातात महिन्याला साधारण ३,६०० ने कमी. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर असणाऱ्यांना यातला पीएफचा फटका बसत नाही. बदलाचं पत्र आलं तर सही करण्याआधी जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून ग्रॉसची ओळ तपासा. एकूण पॅकेज तेवढंच दिसेल.

नोव्हेंबरमध्ये कापलेले ३८,६२६ तुमच्या पॅनवर जमा झालेत का, हे लगेच फॉर्म २६एएसवर, म्हणजे पॅनवर जमा कराच्या ऑनलाइन उताऱ्यात, शोधू नका. कंपनीने पैसे डिसेंबरच्या ७ तारखेपर्यंत भरले असले तरी ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचं टीडीएस (कापलेल्या कराचं) विवरण भरायची मुदत ३१ जानेवारी आहे, आणि ते भरल्यावरच तुमच्या नावावर नोंद दिसते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बघा. तेव्हाही नसेल तर स्लिप जोडून पेरोलला लिहा, आणि १५ जूनपर्यंत कंपनीकडून मिळणाऱ्या फॉर्म १६ वर (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) हाच आकडा आहे याची खात्री करूनच विवरणपत्र भरा.